आधी पोस्ट, मग बाकीचं?

पुणे, गुरुवार

प्रिय मित्रा,

परवा तुझ्या सदाशिव पेठेतल्या खोलीवर आलो, तेव्हा कॉटच्या डोक्याशी चिकटवलेला, माणसाच्या गरजांच्या पायऱ्या दाखवणारा मानसशास्त्रज्ञ मास्लोचा त्रिकोण पाहिला. तळाला अन्न-पाणी-झोप, वर सुरक्षितता, मग प्रेम-आपलेपणा, मग मान आणि टोकाला आपल्यात जे आहे ते फुलवणं. दुसऱ्या पायरीवर तू लाल पेनानं 'पोस्ट' लिहिलंयस, म्हणजे स्पर्धा परीक्षेतून मिळणारी सरकारी नोकरी. चुलतबहिणीच्या लग्नाला का गेला नाहीस विचारलं, तर त्याच्याकडेच बोट दाखवलंस. "सर, आधी हे, मग वरचं."

अरे, मास्लोच्या १९४३ च्या मूळ निबंधात त्रिकोण नाहीच. तो पुढे व्यवस्थापनावर लिहिणाऱ्यांनी काढला आणि नोट्सवाल्यांनी उचलला, कारण पाठ करायला सोपा. एक गरज शंभर टक्के भागली की मगच पुढची जागी होते, हा समज चुकीचा, असं अब्राहम मास्लोनं तिथेच लिहिलंय. उदाहरणादाखल त्यानं मनानंच आकडेही दिलेत: साधारण माणसाच्या शरीराच्या गरजा ८५ टक्के भागलेल्या असतील, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, आत्मसन्मानाच्या ४० आणि टोकाची १०. म्हणजे सगळं एकाच वेळी अर्धवट चालू असतं. पोट रिकामं असलं की दुसरं काही सुचत नाही, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. पण तुझं पोट रिकामं नाही. मेसचा डबा चालू आहे.

त्या डब्याचंच सांगतो. तो तू चालू घडामोडींच्या मासिकावर ठेवलास आणि भिंतीकडे तोंड करून पाच-सात मिनिटांत संपवलास. खोलीत चार कॉट. इतरांची ओळख करून दे म्हटलं, तर खिडकीजवळच्या मुलाचं नाव तुला आठवेना. दहा महिने झाले ना रे इथे?

माझा तिसरा अटेम्प्ट दोन मार्कांनी गेला. त्या रात्री तुझी ती दुसरी पायरी माझ्याखालून पार निघून गेली होती. वय वाढलेलं, घरून पैसे मागायची लाज. रूमवरच्या दोघांनी मला उठवून चहाला नेलं आणि पहाटेपर्यंत नदीकाठी बसवून ठेवलं. समजुतीचं कुणी काही बोललं नाही. एक जण तर घोरत होता. पण मी सावरलो तो त्यांच्यामुळे. खालचं ढासळलं, तेव्हा वरच्यानं धरलं. त्रिकोणात हे कुठे बसवायचं ते तूच बघ.

अभ्यास कमी कर, असं मी म्हणणार नाही. कटऑफ कुणाला चुकत नाही. पण गावच्या सप्ताहात पखवाज वाजवणारा तू, वर्षभर हात लावला नाहीस म्हणालास, ते मला जागेच्या भाड्यापेक्षा महाग वाटलं.

रविवारी रात्री मेस बंदच असते. घरी जेवायला ये. खिडकीजवळच्या त्या मुलालाही आण. नाव तेवढं विचारून ठेव.

तुझा,
सर