काळा दगड आणि बुडालेली नगरी

प्रिय मनू,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर जेवता जेवता संपण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहून देते आहे. मैत्रिणीने दाखवलेल्या व्हिडिओत म्हणे आकाशातून पडलेला एक काळा दगड आहे. तो ज्याच्या हाती लागेल त्याला हिमालयाखालच्या गुप्त नगरीचं दार उघडतं आणि तिथे सगळं ज्ञान लपवून ठेवलेलं आहे. ते बघून तू विचारलंस, "आई, आपला विठोबाही काळ्या दगडाचा आहे, देवघरातला शाळिग्रामही काळाच. तेही आकाशातून आले का? आणि द्वारका म्हणजे तसलीच लपलेली नगरी का?"

आधी त्या व्हिडिओचं सांगते. त्यातली नगरी म्हणजे शंभल, आणि तिची गोष्ट खरोखरच जुनी आहे. तिबेटी बौद्धांच्या कालचक्र परंपरेत ते बर्फाच्या डोंगरांनी वेढलेलं राज्य आहे, त्याचे पंचवीस राजे सांगितले आहेत. आपल्या पुराणांतही कल्की अवतार शंभल नावाच्या गावी होईल असं म्हटलं आहे. जमिनीखालच्या गुप्त नगरीची कल्पना मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समधल्या काही लेखकांनी रंगवली. पुढे निकोलस रोरिक हे रशियन चित्रकार १९२५ ते १९२८ या काळात मध्य आशियात फिरले, तेव्हा शंभल आणि चिंतामणी, म्हणजे मनातली इच्छा पुरवणारं रत्न, या दोन्हींचा ध्यास त्यांच्या मनात होता. असं एकेक जोडत ती गोष्ट तुझ्या मैत्रिणीच्या फोनपर्यंत आली.

आकाशातून पडलेला दगड हवाच असेल, तर तो आपल्याकडे आहे. बुलढाणा जिल्ह्यात लोणारला जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचं गोल विवर आहे, आत खारट पाण्याचं सरोवर, काठाला जुनी देवळं. उल्का आदळून ते झालं. ते पन्नास हजार वर्षांपूर्वीचं असावं असं आधी मानत. नंतरच्या मोजणीत त्याचं वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. आणि गोष्ट काय सांगतात बघ. लवणासुर नावाचा राक्षस तिथे जमिनीखाली लपून राहायचा. विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळावरचं झाकण उडवलं, त्याला मारलं, आणि जो खड्डा उरला तेच हे सरोवर. गावात दैत्यसूदनाचं सुंदर कोरीव देऊळ आहे ते त्याच विष्णूचं. जवळच आडव्या झोपलेल्या मोठ्या मारुतीचा दगड उल्केचा आहे, त्याला होकायंत्र फिरतं, असंही लोक सांगतात. मला यातली विशेष गंमत अशी वाटते की उल्केबद्दल कुणाला काही ठाऊक नसताना लोकांनी त्या खड्ड्याकडे बघून नेमकं ओळखलं, की वरून कशाचा तरी जोराचा आघात झाला आहे. राक्षस मानायचा की नाही ते तू ठरव.

पण लोणारचा आघात झाला तो ज्या दगडावर, तो खरा आपला काळा दगड. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, आणि आज त्याने जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापलेली आहे. त्यालाच बसाल्ट म्हणतात. त्यात लोह भरपूर, म्हणून तो असा काळा. सह्याद्री त्याचा, रायगड त्याचा, वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं ते त्याच्यातच. आपल्या पाथरवटांच्या हाताखाली हाच दगड असायचा, त्यामुळे मराठी मुलखातले कितीतरी देव काळे आहेत. माहूरच्या रेणुकेसारखी काही ठाणी तर मूर्ती न घडवलेली, नुसता तांदळा, त्यावर शेंदूर. यात गूढ काही नाही, आणि मला ते गूढ नाही हेच आवडतं. पायाखाली जो होता, त्यालाच लोकांनी नमस्कार केला.

शाळिग्रामाचं वेगळं आहे. तो आपल्या दगडाचा नाही, तो नेपाळातल्या काली गंडकी नदीतून येतो. त्याची कथा तुला तुळशीच्या लग्नात आजी सांगायची. जालंधराची बायको वृंदा पतिव्रता होती, तिच्या पुण्याईमुळे जालंधर मरेना. विष्णूने जालंधराचं रूप घेऊन तिला फसवलं. तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, "तू दगड होशील." तो शाळिग्राम झाला, ती तुळस झाली, आणि म्हणून कार्तिकात दोघांचं लग्न लावतात. लहानपणी मी ही कथा ऐकून गप्प बसायचे. आता मला तिच्याबद्दल फार आदर वाटतो. देवाने अन्याय केला, एका बाईने त्याला शाप दिला, तो त्याने निमूटपणे भोगला, आणि आपण दरवर्षी मंगलाष्टकं म्हणून त्याची आठवण ठेवतो. असं किती धर्मकथांत सापडेल?

आता त्याच्या आतलं. त्यावर जी चक्रासारखी वळणं दिसतात, ती अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शिंपल्याची आहेत. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी, हिमालय जन्मालाच आला नव्हता तेव्हा, तिथे टेथिस नावाचा समुद्र होता. त्याच्या तळाच्या चिखलात हे प्राणी गाडले गेले, त्यांचा दगड झाला, मग भारताचा भूभाग जाऊन आशियाला धडकला आणि समुद्राचा तळच डोंगर होऊन वर आला. कधी कधी आत सोनेरी चमक दिसते, ते पायराइट नावाचं खनिज. आणि हे वाचून मी स्वतः थांबले होते: अमोनाइट पृथ्वीवरून नाहीसे झाले ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आपला सह्याद्री घडत होता त्याच सुमाराला. देवघरात शाळिग्राम ठेवतो तेव्हा आपण एक नाहीसा झालेला समुद्र ठेवतो, हे तुझ्या व्हिडिओतल्या नगरीपेक्षा मला कमी अद्भुत वाटत नाही.

आता द्वारका. महाभारताच्या मौसलपर्वात आहे की यादव आपसांत लढून संपले, कृष्ण गेला, अर्जुन उरलेल्या बायका-मुलांना, म्हाताऱ्यांना घेऊन निघाला आणि मागून समुद्राने नगरी गिळली. १९८० च्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी गुजरातमधल्या द्वारकेजवळ पाण्याखाली शोध घेतला. घडीव दगड सापडले, भोकं पाडलेले दगडी नांगर सापडले. तिथे जहाजं नांगर टाकत होती एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं. तीच कृष्णाची नगरी का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, म्हणून तू शाळेत ते सिद्ध झालंय असं सांगू नकोस.

आणि मराठी माणसाची द्वारकेची गोष्ट समुद्राशी थांबत नाही. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली, तिला शोधत देव द्वारका सोडून भीमेकाठी आला. तिथे पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता. देव दारात आला तरी तो उठला नाही, वीट भिरकावली आणि म्हणाला, यावर उभा राहा. देव उभा राहिला, तो अजून उभा आहे. म्हणजे सोन्याची नगरी पाण्याखाली आणि तिचा राजा उघड्यावर विटेवर. तुझ्या व्हिडिओत ज्ञान लपवून ठेवलेलं आहे, निवडक माणसालाच मिळणारं. आमच्या गोष्टीत देवच नगरी सोडून बाहेर आला आहे, आणि पंढरपूरला जाणारा प्रत्येक जण रांगेत उभा राहून त्याच्या पायावर डोकं ठेवू शकतो.

बुडालेलं गाव म्हणशील तर त्याच भीमेत आहे. पंढरपूरच्या वरच्या अंगाला १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, त्याच्या पाण्याखाली कितीतरी गावं गेली. इंदापूर तालुक्यातल्या जुन्या पळसदेवचं काळ्या दगडाचं शिवमंदिर पाणी खूप उतरलं की वर येतं, आणि माणसं ते बघायला जातात. वारीच्या वेळी चंद्रभागेत स्नानाला पाणी हवं म्हणून उजनीतूनच सोडतात. त्या गावांतली माणसं अजून आहेत, दुसरीकडे वसलेली. बुडालेल्या नगरीबद्दल कुणाला विचारायचंच असेल तर मी त्यांना विचारीन.

मी वर "प्रत्येक जण" लिहिलं, ते अनेक शतकं खरं नव्हतं. चोखामेळा जातीने महार, म्हणून त्यांना देवळात जाऊ देत नसत. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांची हाडं शोधली, ज्या हाडातून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती चोखोबांची, अशी कथा आहे. त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, बाहेरच. ते दार उघडावं म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केलं, तेव्हा कुठे देऊळ हरिजनांना खुलं झालं. पंढरीच्या दगडात काय शक्ती आहे असं कुणी विचारलं तर मी आधी हे सांगते, कारण त्याला कुणी शिवायचं ते कोण ठरवतं यावरूनच सगळी भांडणं झाली.

त्यामुळे गेल्या आठवड्यात त्या काकूंनी तुला म्हटलं ना, की मुलींनी शाळिग्रामाला हात लावायचा नसतो? असं मानणारी घरं खूप आहेत, त्यांना उलटून बोलू नकोस. आपल्या घरात तू लाव. आजीनेही आयुष्यभर लावला. सकाळी आंघोळ झाली की ताम्हनात ठेवून पाणी घाल, मऊ फडक्याने कोरडा कर, गंध लाव, तुळशीचं पान त्याच्या माथ्यावर ठेव. वळणांतल्या खाचांत गंध साठू देऊ नकोस, नाहीतर चक्र दिसेनासं होतं. उद्यापासून हे काम तुझं.

तुझी,
आई