कोबिट आहे, मग निस्ट ८००-३४ वेगळं कशाला?

तुम्ही विचारलंय की कंपनीत कोबिट या आयटी कारभाराच्या चौकटीप्रमाणे कंट्रोल्स (नियंत्रणं) आहेत, तरी अमेरिकन क्लायंट निस्ट या तिथल्या सरकारी मानक संस्थेच्या एसपी ८००-३४ या मार्गदर्शिकेप्रमाणे कंटिन्जन्सी प्लॅन, म्हणजे सिस्टीम बंद पडली तर ती परत उभी करण्याचा आराखडा, मागतोय. मग एकावर भागेल का?

नाही भागणार. मी पुण्यात आयटी ऑडिट करतो आणि "ते कोबिटमध्ये आलंच की" हे वाक्य मला वरचेवर ऐकावं लागतं. दरवेळी काळजी वाटते.

आलंय हे खरं. कोबिट २०१९ मध्ये एकूण ४० उद्दिष्टं आहेत, त्यातलं डीएसएस०४ क्रमांकाचं सातत्याबद्दलचं, म्हणजे संकटातही काम चालू राहण्याबद्दलचं. धोरण कोणी मंजूर केलं, जबाबदारी कोणाची, प्लॅनची चाचणी होते का, चाचणीत निघालेल्या त्रुटी दुरुस्त होतात का, हे ते विचारतं. पण उद्या पगाराचा सर्व्हर बसला तर पहिला फोन कोणाला करायचा आणि कुठल्या क्रमाने काय चालू करायचं, हे त्यात मिळणार नाही. ते त्याचं कामच नाही.

८००-३४ तिथून पुढे सुरू होतं. अमेरिकेच्या केंद्र सरकारी खात्यांसाठी ते २००२ मध्ये निघालं, २०१० मध्ये सुधारलं गेलं. ते एकेका सिस्टीमचा प्लॅन सात पायऱ्यांनी करायला लावतं. सिस्टीम किती महत्त्वाची यावर चाचणी ठरते: कमी महत्त्वाची असेल तर टेबलाभोवती बसून चर्चा पुरते, सर्वांत वरच्या वर्गातली असेल तर पूर्ण प्रमाणातली प्रत्यक्ष ड्रिल लागते.

या सातांतली माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी म्हणजे बीआयए, व्यवसायावरच्या परिणामाचं विश्लेषण. काम किती वेळ बंद राहिलं तर चालेल, सिस्टीम किती तासांत परत उभी राहिली पाहिजे, आणि किती वेळचा डेटा गेला तर सोसेल, हे तीन आकडे त्यातून निघतात. ते सर्व्हर रूममध्ये बसून ठरवू नका. अकाउंट्सच्या, डिस्पॅचच्या माणसाला विचारा. चार तासांपेक्षा जास्त डेटा गमावणं परवडणार नाही असं त्याने सांगितलं आणि बॅकअप मात्र रोज रात्री एकदाच होत असेल, तर तुमचा प्लॅन आजच नापास आहे.

एका कंपनीत मी पाहिलंय. धोरणावर सह्या, बॅकअपचे रिपोर्ट रोज हिरवे, कोबिटच्या दृष्टीने कागद चोख. आम्ही म्हटलं, एक डेटाबेस आमच्यासमोर रिस्टोअर करून दाखवा. बॅकअप एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, होता आणि तो उघडायची की (किल्ली) त्याच सर्व्हरवर होती, ज्याचा तो बॅकअप होता. सर्व्हर गेला असता तर कीही गेली असती. ॲडमिन पोरगा कावराबावरा झाला. दोष त्याचा नव्हता. रिस्टोअर करून बघायला त्याला कधी कोणी वेळच दिला नव्हता. उलटंही होतं: प्लॅन सुरेख, पण मालकी कोणाचीच नाही, म्हणून फोनच्या यादीतली निम्मी माणसं केव्हाच नोकरी सोडून गेलेली. तिथे कोबिट लागतं.

आता कम्प्लायन्स. अमेरिकेतल्या सॉक्स (सार्बेन्स-ऑक्सली) कायद्याच्या कलम ४०४ साठी, म्हणजे वित्तीय अहवालावरच्या अंतर्गत नियंत्रणाच्या तपासणीसाठी, कोबिट पुष्कळ वापरतात, पण पीसीएओबी या तिथल्या ऑडिटर्सवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या २००४ च्या ऑडिटिंग स्टँडर्ड क्र. २ मध्ये स्पष्ट म्हटलं होतं की सातत्याचा प्लॅन हा वित्तीय अहवालावरच्या अंतर्गत नियंत्रणाचा भाग नाही. म्हणजे सॉक्सचं ऑडिट पास झालो, हे क्लायंटच्या प्रश्नाचं उत्तर होऊ शकत नाही. क्लायंट तिथल्या सरकारचं काम करत असेल तर फिस्मा या सरकारी माहिती-सुरक्षेच्या कायद्यामुळे निस्ट ८००-५३ या नियंत्रणांच्या यादीतली सीपी (कंटिन्जन्सी प्लॅनिंग) कंट्रोल्स तुमच्यापर्यंत येतील. भारतातल्या व्यापारी बँकांचं काम करत असाल तर रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आयटी गव्हर्नन्सवरचा मास्टर डायरेक्शन वाचा. महत्त्वाच्या सिस्टीम्ससाठी किमान सहामाही डीआर ड्रिल (आपत्तीनंतर सिस्टीम परत उभी करण्याचा सराव) त्यात बंधनकारक आहे.

दोन वेगळ्या फायली मात्र करू नका. एकच तक्ता करा: डीएसएस०४ ची एकेक अपेक्षा, तिच्यासमोर ८००-३४ ची पायरी आणि ८००-५३ चं कंट्रोल (सीपी-२ प्लॅनसाठी, सीपी-४ चाचणीसाठी, सीपी-९ बॅकअपसाठी), आणि शेवटी पुरावा. एकच ड्रिल रिपोर्ट दोन्हीकडे चालतो. सुरुवात तीनच सिस्टीम्सपासून करा, आणि क्लायंटला उत्तर पाठवण्याआधी त्यातली एक रिकाम्या मशीनवर रिस्टोअर करून किती तास लागले ते लिहून ठेवा. क्लायंटचा ऑडिटर तोच आकडा मागेल.