‘ऑर सिमिलर’ची खोली आणि न सुटलेली बोट

प्रश्न: मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहा जण अंदमानला गेलो. मी, नवरा, दोन मुलं आणि सासू-सासरे. आमच्याच शहरातल्या टूर कंपनीचं सहा रात्रींचं पॅकेज, २ लाख ८४ हजार रुपये, सगळे आगाऊ भरलेले. ब्रोशरमध्ये हॅवलॉकला तीन रात्री ‘बीचफ्रंट कॉटेज, तळमजला’ असं होतं. हॅवलॉकला निघायच्या दिवशी खराब हवामानामुळे बोट रद्द झाली. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत जेट्टीवर बसलो, कंपनीच्या माणसाचा फोन बंद. पोर्ट ब्लेअरला रात्र काढायला ९,४०० रुपये पदरचे गेले. दुसऱ्या दिवशी पोचलो तर खोली किनाऱ्यापासून दोन किलोमीटरवर, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. मुलाने पायऱ्या मोजल्या, ३८ भरल्या. एकदा वर चढल्या त्या निघायच्या दिवशीच खाली उतरल्या. आता कंपनी म्हणते, अनपेक्षित हवामान आमच्या हातात नाही आणि खोली ‘ऑर सिमिलर’च्या, म्हणजे ‘किंवा तत्सम’च्या, अटीत बसते. १५ हजारांचं ट्रॅव्हल व्हाउचर देतायत, पण शुक्रवारपर्यंत ‘फुल अँड फायनल’वर सही करायची. वाद फक्त दिल्लीच्या कोर्टात चालेल आणि खोलीचा व्हिडिओ टाकलात तर अब्रुनुकसानीचा दावा लावू, असंही सांगितलंय. काय करू?

उत्तर: ताई, आधी ते व्हाउचर. त्या कागदावर सही करू नका. ‘फुल अँड फायनल’ म्हणजे उरलेल्या सगळ्यावर पाणी सोडलं. येणं असलेल्यापेक्षा कमी घेऊन बाकीचं सोडून देण्याची मुभा भारतीय करार कायद्याचं कलम ६३ देतं, आणि एकदा सोडलं की मागाहून ‘मला नीट समजलं नव्हतं’ म्हणून फारसं काही हाती लागत नाही. शिवाय व्हाउचर म्हणजे पैसे नव्हेत. ज्यांनी सहल नासवली त्यांच्याकडेच पुन्हा जायचं, वर आपल्या पदरची भर घालायची, असा त्याचा अर्थ.

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत, बोटीची आणि खोलीची. त्या वेगळ्या मांडा. समुद्राचं बिल कंपनीच्या नावावर फाडलंत, तर समोरचा वकील हवामानावरच बोलत राहील आणि खोलीचा विषय बाजूला पडेल. माझ्या मते तुमचं प्रकरण खोलीवर उभं आहे.

बोटीचं आधी उरकू. दर्या खवळला, बोट सुटली नाही, यात कंपनीचा दोष नाही हे तक्रारीत सरळ लिहून टाका. त्याने तुमच्या बाकीच्या म्हणण्याला वजनच येईल. पण ‘आमच्या हातात नाही’ हे बोटीपुरतंच खरं. आठ तास फोन बंद ठेवणं त्यांच्याच हातात होतं. प्रवाशांना काय चाललंय ते सांगणं, रात्रीची सोय बघणं, याचेच तर पैसे पॅकेजवाला घेतो. ते केलं नाही, तर ती ‘सेवेतील त्रुटी’. दोन गोष्टी मात्र त्यांच्याकडून लेखी मागा. रद्द झालेल्या फेरीच्या तिकिटांचे पैसे बोटवाल्यांनी परत केले का, आणि केले तर ते कुणाच्या खात्यात गेले? तुम्ही न राहिलेल्या हॅवलॉकच्या रात्रीचं हॉटेलला खरोखर किती दिलं? न दिलेल्या सेवेचे पैसे वाऱ्यापावसाच्या नावाखाली खिशात घालता येत नाहीत.

‘अनपेक्षित हवामान’ या शब्दांचं मला जरा हसू आलं. ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी आपण दरवर्षी मे महिन्यात वाचतो, अंदमानच्या सहली विकणाऱ्याला ती नवी कशी असेल? मेअखेरचा, सगळा बोटीवर टांगलेला कार्यक्रम विकताना त्यांनी धोका सांगितला होता का, हे जरूर विचारा. पण एका परिच्छेदात आटपा. बातमी तुम्हीही वाचली होती, हे उत्तर तयार असेल.

आता खोली. ‘ऑर सिमिलर’ हे शब्द टूरवाल्यांच्या जवळजवळ प्रत्येक कागदावर असतात आणि त्यांना कारणही आहे. ऐनवेळी एक हॉटेल मिळालं नाही, तर त्याच तोडीचं दुसरं देता यावं. पण त्याच तोडीचं म्हणजे नुसते तेवढेच स्टार आणि तसाच एसी नव्हे. तुम्हाला विकलेल्या खोलीची ओळखच दोन शब्दांत होती, ‘बीचफ्रंट’ आणि ‘तळमजला’. दोन्ही गेल्यावर उरलं काय? बुकिंगच्या वेळी गुडघ्यांचा विषय निघाला होता का, ते जुन्या चॅटमध्ये शोधा. ‘सासूबाईंना जिने चालणार नाहीत’ एवढं एक वाक्य तारखेसह सापडलं, तर ते दहा फोटोंपेक्षा मोलाचं. तसंच हॉटेलचं कन्फर्मेशन व्हाउचर काढा. ब्रोशरवर कॉटेज आणि निघायच्या आदल्या रात्री आलेल्या व्हाउचरवर ‘स्टँडर्ड रूम’, असं असेल तर बदल त्यांना आधीच माहीत होता. मग ही नुसती त्रुटी राहत नाही, ‘अनुचित व्यापारी प्रथा’ होते.

तुमचं पत्र वाचताना १९७५ चा इंग्लंडमधला एक निकाल आठवला, जॅक्सन विरुद्ध होरायझन हॉलिडेज. नवरा-बायको आणि दोन मुलं, सिलोनला म्हणजे आजच्या श्रीलंकेला चार आठवड्यांची सुट्टी, १,२०० पौंड. ठरलेलं हॉटेल तयार नव्हतं म्हणून दुसरं दिलं, आणि तिथे मुलांच्या खोलीच्या भिंतींवर काळी बुरशी. वडिलांना १,१०० पौंड भरपाई मिळाली आणि अपिलात ती कायम राहिली. करार एकट्या वडिलांनी केला होता, मग बायकामुलांच्या हिरमोडाचे पैसे त्यांना कसे, यावर तिकडच्या न्यायाधीशांत पुढे मतभेद झाले. आपल्याला तो घोळ घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये पैसे भरणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणाराही ग्राहकच आहे. पैसे तुमच्या खात्यातून गेले असले, तरी सासूबाईंना तक्रारदार क्रमांक दोन करा. त्यांचं वेगळं प्रतिज्ञापत्र जोडा, त्यांच्याच शब्दांत: किती पायऱ्या, कुणाच्या आधाराने चढल्या, खोलीत दिवस कसे काढले. तक्रारीतला सगळ्यात भक्कम कागद तो असेल.

दिल्लीची भीती सोडा. कायद्याच्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता किंवा नोकरी-व्यवसाय करता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पावतीवरच्या बारीक अक्षरांनी हा हक्क जात नाही. करारातलं लवादाचं कलम, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खाजगी लवादापुढे न्यायची अट, पुढे केलं तरी गोंधळू नका. त्यामुळे ग्राहक आयोगाची दारं बंद होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात कायम ठेवलं. एक चूक मात्र टाळा, काही वकीलसुद्धा करतात ती. ‘हा करारच अन्यायकारक ठरवा’ अशी मागणी घालू नका. ‘अनुचित करारा’च्या तक्रारी या कायद्याने राज्य आयोगाकडे दिल्या आहेत, जिल्हा आयोगात उगाच अधिकारक्षेत्राचा वाद उभा राहील.

खर्चाचं म्हणाल तर दाखल करण्याची फी तुमच्यासाठी शून्य. फी तुम्ही किती मागता यावर नसते, सेवेसाठी किती दिले त्यावर असते, आणि ५ लाखांपर्यंत ती लागतच नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. मुदत घटनेपासून दोन वर्षं, पण तेवढं थांबू नका. आधी कंपनीला १५ दिवसांची नोटीस द्या, स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही. नोटीस कायद्याने बंधनकारक नाही, पण पुष्कळ कंपन्या तिथेच नरम येतात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करून ठेवा. ते कंपनीला विचारणा करतील, आदेश देऊ शकत नाहीत. आयोगात तीन महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बराच जास्त वेळ धरून चाला.

आकडा जपून लिहा. कॉटेज आणि तुम्हाला मिळालेली खोली यांच्या भाड्यातला फरक (दोन्हींचे त्याच हंगामातले दर हॉटेलांकडून ईमेलवर मागवा), न वापरलेली रात्र, बोटीची तिकिटं, ९,४०० रुपये, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. मी असते तर एकूण मागणी पॅकेजच्या किमतीच्या आत ठेवली असती. वीस लाख मागणाऱ्याकडे आयोग आधीच संशयाने बघतो.

पुरावा आजच सांभाळा. ब्रोशर मूळ फाइल म्हणून उतरवून घ्या, नुसता स्क्रीनशॉट नको. चॅट एक्सपोर्ट करा आणि तो फोन विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत जोडा. ग्राहक आयोग पुराव्याबाबत दिवाणी कोर्टाइतका काटेकोर नसला, तरी हरकत घ्यायला जागा कशाला ठेवायची? आणि हो, हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम. तुमच्या कागदांवर कुठे जुनं, कुठे नवं असेल. तक्रारीत दोन्ही एकदा जोडून लिहा, नाहीतर ‘या नावाच्या ठिकाणी आम्ही पाठवलंच नाही’ असंही ऐकून घ्यावं लागेल.

व्हिडिओची धमकी बरीचशी पोकळ आहे. खरी आणि लोकहिताची गोष्ट सांगणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अब्रुनुकसानीला अपवाद आहे. जिना, खोली, ब्रोशरचं पान दाखवा. ‘चोर’, ‘लुटारू’ म्हणू नका आणि हॉटेलच्या पोऱ्याचा चेहरा दाखवू नका, त्या बिचाऱ्याने तुमचं काही घेतलेलं नाही. तरीही नोटिशीची मुदत संपेपर्यंत मी तो टाकला नसता. तडजोडीची बोलणी चालू असताना न टाकलेला व्हिडिओ टाकलेल्यापेक्षा जास्त कामाचा असतो.

शुक्रवारी त्यांचा फोन येईल. फोनवर हो-नाही काही बोलू नका, ईमेल करा: ‘व्हाउचरचा प्रस्ताव मान्य नाही. रोख परताव्याचा प्रस्ताव असल्यास लेखी कळवावा.’ दोन ओळी पुरेत.