फुटबॉल लागून आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत भाग) फाटलीय, टाके घालायचे का?

प्रश्न: डॉक्टरसाहेब नमस्कार, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून लिहितेय. माझा पोरगा २२ वर्षांचा आहे, गेल्या सीझनला गांधी मैदानावर खेळताना फुटबॉल जोरात डाव्या डोळ्यावर बसला. आत रक्त साठलेलं ते औषधानं गेलं, पण बाहुली मोठीच राहिलीय आणि एका बाजूनं सपाट दिसतीय. त्या एकाच डोळ्यानं दोन-दोन दिसतं, उन्हात डोळा उघडत नाही, रात्री समोरच्या गाडीचे लाईट फाकतात. डॉक्टर आयरिसला टाके घालू म्हणतात, घरचे म्हणतात दिसतंय ना, मग नुसत्या दिखाव्यासाठी कशाला ऑपरेशन? आणि तो परत खेळू शकेल का?

उत्तर: ताई, हे दिखाव्याचं ऑपरेशन नाही हे घरच्यांना आधी सांगा. बॉल आदळला की डोळा क्षणभर चपटा होतो, आतलं पाणी कडेला दाबलं जातं आणि आयरिस मुळाशी सगळ्यात पातळ असते म्हणून तिथंच सुटते. मग त्या फटीतून पण प्रकाश आत शिरतो, म्हणजे एका डोळ्याला दोन बाहुल्या झाल्या, त्यामुळं दोन-दोन दिसतं. बाहुली आवळणारा स्नायू फाटला असेल तर ऊन सोसत नाही. त्याचा त्रास खरा आहे, पोरगं नाटक करत नाही.

टाके 10-0 जाडीच्या प्रोलीन या प्लॅस्टिकच्या दोऱ्यानं घालतात, केसापेक्षा बारीक असतो, विरघळत नाही आणि विरघळून चालतही नाही, कारण आयरिस कातडीसारखी आपोआप जुळून येत नाही, ती कायम त्या दोऱ्यावरच धरलेली राहते. सुटलेलं मूळ डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला शिवतात, बाहुली फारच मोठी असेल तर तीही टाक्यानं लहान करतात. मॅककॅनेल या डोळ्याच्या सर्जननी 1976 मध्ये आणि सीप्सर यांनी 1994 मध्ये अगदी छोट्या छेदातून हे टाके घालायच्या पद्धती सांगितल्या, आपल्या चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल आणि सहकाऱ्यांचीही एक सोपी पद्धत आहे. डोळा फाडावा लागत नाही, मोठ्या माणसाला बहुतेक वेळा डोळ्याजवळ इंजेक्शन देऊन बधीर करूनच होतं. पण बाहुली पहिल्यासारखी लहान-मोठी होणार नाही, आणि मागच्या पडद्याला मार असेल तर त्यामुळं गेलेली नजर या टाक्यांनी येत नाही. म्हणूनच ऑपरेशनच्या आधी बाहुली मोठी आहे तोवर पडदा कडेपर्यंत तपासून घ्या, नंतर अवघड जातं. मोतीबिंदू झालाय का, लेन्स हललीय का तेही बघायला सांगा, लागलं तर एकाच वेळी करता येतं.

घाई अजिबात नाही, सूज पूर्ण उतरू दे. फट लहान असेल आणि त्रास कमी असेल तर गॉगल किंवा मधे बाहुलीएवढा भाग मोकळा असलेली रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स यावरही भागतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन करणारे कोल्हापुरात भरपूर आहेत, पण आयरिसचे टाके सगळेच नेहमी घालत नाहीत, तेव्हा तुम्ही हे किती वेळा केलंय असं सरळ विचारा, चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. मिरज-पुण्याला जायला सांगितलं तर जा.

आता जे हात जोडून सांगतो ते काचबिंदूचं. अशा मारात डोळ्यातलं पाणी बाहेर जायचा कोपराही फाटतो, आणि प्रेशर कधीकधी दहा-वीस वर्षांनी वाढतं, दुखत नाही, कळत नाही, डोळ्याची नस मात्र खराब होत जाते आणि ती परत येत नाही. पोरं टाके घालून खूश होतात आणि फिरकतच नाहीत. त्याचा कोपरा आत्ताच तपासून घ्या, आणि टाके घाला नाहीतर नका घालू, वर्षातून एकदा प्रेशर मोजणं जन्मभर ठेवा.

खेळायचं म्हणाल तर सर्जननं हो म्हटल्यावर खेळू दे, पण पट्ट्याचा, पॉलिकार्बोनेट या कणखर प्लॅस्टिकचा स्पोर्ट्स चष्मा लावूनच, तालमीच्या संघातली पोरं चेष्टा करतील तरी.