पन्नाशी उलटल्यावर वाढदिवसाला ख्रिस्ती माणूस म्हणून विश्वास, घरचे लोक आणि आपल्यामागे काय राहणार याबद्दल तुमच्या मनात काय येतं?

तुमचा प्रश्न बरोबर वेळेला समोर आला बघा. मागच्याच आठवड्यात मला 54 पूर्ण झाली. तुम्ही लिहिलंय की तुमची पन्नाशी झाली, चर्चला नियमित जाता, मुलं मोठी झाली आणि आता असं वाटतं की आपण पोरांना नेमकं दिलं काय. मी काही पाळक नाही आणि थिऑलॉजी वगैरे शिकलेलो नाही, जे डोक्यात चाललंय ते लिहितो.

आधी एक गंमत. बायबलमध्ये वाढदिवस साजरा केल्याचे स्पष्ट प्रसंग दोनच आहेत, एक फारोचा, म्हणजे मिसरच्या राजाचा, आणि एक हेरोद राजाचा. पहिल्यात आचाऱ्याला लटकवलं आणि दुसऱ्यात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शीर तबकात आलं. म्हणजे दोन्ही पार्ट्यांत एकेकाचा जीव गेला. त्यामुळे वाढदिवसाला थोडं उदास वाटलं तर फार मनावर घेऊ नका, परंपराच तशी आहे.

मग बायबलमधलं स्तोत्र 90 आहेच. आयुष्य 70 वर्षं, फार फार तर 80, आमचे दिवस मोजायला शिकव. चाळिशीपर्यंत ते मी नुसतं म्हणायचो, आता खरंच वजाबाकी होते, 70 मधून 54 गेले राहिले 16. आणि हे स्तोत्र इस्राएल लोकांना मिसरमधून बाहेर काढणाऱ्या मोशेच्या नावावर आहे, तो स्वतः 120 वर्षं जगला, आम्हाला मात्र 70 सांगून गेला, हे मला कायम जरा अन्यायाचं वाटत आलंय.

पण यावेळी वाढदिवसाला जो माणूस डोक्यात बसला तो मोशे नाही, यहूदाचा हिज्कीया राजा. 25 व्या वर्षी गादीवर आला, 29 वर्षं राज्य केलं, म्हणजे गेला तेव्हा 54 चा. माझंच वय! हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं, सकाळी सहज बायबलमधलं 2 राजे हे पुस्तक वाचत बसलो होतो आणि हिशेब केला तर चहा तसाच थंड झाला. त्याला मधे मरणाचा आजार झाला होता, यशया संदेष्ट्याने येऊन सांगितलं की घरची निरवानिरव कर तू वाचणार नाहीस, तर हा भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडला आणि देवाने त्याला 15 वर्षं वाढवून दिली. म्हणजे आजारपणात तो 39 चा. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, प्रार्थनेचं उत्तर मिळालं, आमेन, संपलं.

पण पुढचं पान उलटा. त्याच्यामागे मनश्शे राजा झाला तेव्हा तो 12 वर्षांचा होता. 15 वर्षं वाढवून मिळाली आणि मुलगा 12 चा, म्हणजे सरळ हिशेब धरला तर हा मुलगा त्या वाढीव वर्षांतलाच. आणि बापाने पाडलेली मूर्तिपूजेची उंचस्थानं त्यानेच परत बांधली, स्वतःच्या पोराला अग्नीत होमलं, 55 वर्षं राज्य केलं. माझा धाकटा आत्ता 12 चा आहे म्हणून ते वाक्य जरा जास्तच टोचलं.

त्याहून जास्त टोचतं ते हिज्कीयाचं स्वतःचं वागणं. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) पाहुण्यांना त्याने हौसेने सगळा खजिना दाखवला, मग यशया म्हणाला हे सगळं एक दिवस बाबेलला जाणार आणि तुझ्या वंशातली मुलंही नेली जाणार. तर राजा काय म्हणतो, ठीक आहे, माझ्या हयातीत तरी शांती राहील ना. आधी मला त्याचा राग यायचा. आता नाही येत, कारण मी पण तेच केलंय.

माझी मोठी मुलगी 20 ची आहे आणि गेलं दीड वर्ष ती उपासनेला येत नाही. कॉलेजमुळे बिघडली, मोबाईलमुळे बिघडली असं नातेवाईकांत बोललं जातं आणि मीही बरेच दिवस मान डोलावली. पण खरं सांगायचं तर ती 14 ची असताना माझी आई गेली, आम्ही सगळ्यांनी चार महिने रात्रंदिवस प्रार्थना केली होती, तर ही मला विचारत होती की पप्पा मग देवाने ऐकलं का नाही, आणि मी दमलेलो होतो, चिडलेलो होतो, मी म्हणालो असे प्रश्न विचारायचे नसतात, विश्वास ठेवायचा. ती गप्प बसली आणि मला बरं वाटलं, घरात शांतता झाली! माझ्या हयातीतली शांती. त्यानंतर तिने मला देवाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही आणि मी मूर्खासारखा समजलो की पोरगी विश्वासात स्थिर झाली.

म्हणून तुम्ही विचारता की मागे काय ठेवून जाणार, तर मला वाटतं आपण ठरवतो ते राहत नाही आणि जे राहतं ते आपण ठरवलेलं नसतं. हे मी निराशेने म्हणत नाहीये. मनश्शेचंच बघा, 2 राजे वाचलं तर तो वाईटच मेला असं वाटतं, पण बायबलच्याच 2 इतिहास या पुस्तकात आहे की बेड्या पडल्यावर तो नमला आणि देवाने त्याचं ऐकलं. त्याचा मुलगा आमोन परत तसाच. आणि आमोनचा मुलगा योशीया, 8 व्या वर्षी राजा झाला, त्याच्यासारखा मनापासून देवाकडे वळलेला दुसरा राजा नाही असं शास्त्र म्हणतं. म्हणजे हिज्कीयाचा गुण उगवला तो पणतूत, आणि तोपर्यंत हिज्कीयाला जाऊन अर्धशतक उलटलं होतं, त्याला काय कळणार. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशूच्या वंशावळीत चौघांचीही नावं ओळीने आहेत, चांगल्याचं वेगळं वाईटाचं वेगळं असं काही केलेलं नाही. लहानपणी ती वंशावळ पाठ करताना जांभया यायच्या, आता तिथेच जास्त वेळ थांबतो.

आणि एक गोष्ट जी मला फार आवडते. अश्शूरी सैन्य येणार म्हणून हिज्कीयाने यरुशलेममध्ये पाणी शहराच्या आत वळवलं, तो बोगदा आजही आहे, साधारण 533 मीटर, सरळ कातळातून, आणि त्यातून अजून पाणी वाहतं. 1880 मध्ये तिथे एका पोराला भिंतीवर कोरलेला जुन्या हिब्रूतला लेख दिसला, तो आता इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे. एवढं मोठं काम, पण त्या लेखात राजाचं नावच नाही! त्यात आहे ते खोदणाऱ्यांबद्दल. दोन टोळ्या दोन टोकांकडून खोदत होत्या आणि तीन हात कातळ उरला तेव्हा पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, मग एकमेकांच्या दिशेने कुदळी मारत गेले आणि पाणी वाहायला लागलं. तो बोगदा सरळ पण नाही, चांगला नागमोडी आहे.

हे वाचल्यावर मी मुलीला मेसेज टाइप करायला घेतला, तीनदा खोडला, मग सरळ तिच्या खोलीत गेलो आणि म्हणालो की आजी गेली तेव्हा तू जे विचारलं होतंस त्याचं उत्तर मला तेव्हाही येत नव्हतं आणि आजही येत नाही, पण तुला गप्प केलं ते चुकलं. ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला आठवतंय ते?" मी म्हटलं हो. मग म्हणाली, "बघू." एवढंच. चर्चला येते का वगैरे मी विचारलं नाही, बायकोला वाटत होतं विचारावं, पण मला वाटतं ते विचारलं असतं तर माफीचा सौदा झाला असता.

रात्री जेवणाआधी प्रार्थना धाकट्याने केली. आमच्याकडे वाढदिवस ज्याचा त्याने प्रार्थना करायची नाही, दुसऱ्याने त्याच्यासाठी करायची. तर हा "हे दयाळू बापा" म्हणून सुरू झाला, भरभर, आणि आमेनच्या आधी थांबला आणि घसा खाकरला. बारीक, दोनदा. त्याला सर्दी वगैरे काही नव्हती. हे माझे वडील करायचे, अगदी असंच, आमेनच्या आधी दोनदा, आणि ते जाऊन तेरा वर्षं झाली, म्हणजे याने त्यांना पाहिलेलंच नाही. मी करतो म्हणे, बायको सांगते, मला आजवर पत्ता नव्हता. त्यांनी आम्हा भावंडांना वचनं पाठ करायला लावली होती, त्यातली निम्मी मी विसरलो.

मी डोळे उघडून धाकट्याकडे बघितलं आणि तेवढ्यात लक्षात आलं की समोर मुलीचेही डोळे उघडेच आहेत आणि ती ओठ दाबून हसतेय. ती आजोबांच्या मांडीवर बसून प्रार्थना ऐकत मोठी झालेली, तिला ते खाकरणं बरोबर ओळखू आलं होतं.