इंग्रजीतलं 'मी' आणि आपलं 'मी'

प्रश्न असा आहे : मुलीने निबंधात 'टीचर गेव्ह सई अँड आय अ प्राइझ' असं लिहिलं, बाईंनी 'आय' खोडून 'मी' (इंग्रजीतलं me) केलं. वडील बुचकळ्यात पडले आहेत. त्यांच्या लहानपणी 'सई अँड मी' म्हटलं की ओरडा बसायचा.

बाईंचं बरोबर आहे. तो ओरडाही बरोबरच असणार, पण 'सई अँड मी वेन्ट होम'सारख्या वाक्यासाठी. तिथे जाणाऱ्या दोघी, म्हणजे कर्त्या, म्हणून 'आय'. बक्षिसाच्या वाक्यात देणाऱ्या बाई आहेत, या दोघी घेणाऱ्या. ओरडा लक्षात राहतो, वाक्य विसरतं, आणि मग माणूस जिथे तिथे 'आय' घालतो. इंग्रजांचंही हेच होतं. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' नाटकात अँटोनिओ पत्रात चक्क 'बिट्वीन यू अँड आय' लिहितो. आजच्या व्याकरणाप्रमाणे तिथे 'मी' हवं.

मराठीत आपण अशी चूक करत नाही. 'बाईंनी सईला आणि मला बक्षीस दिलं' म्हणताना सईलाही 'ला' लागतो, त्यामुळे विभक्ती डोळ्यांसमोर असते. इंग्रजीत सई आहे तशीच राहते आणि सगळा भार एकट्या सर्वनामावर येतो. म्हणून सईला क्षणभर बाजूला करा. 'टीचर गेव्ह आय अ प्राइझ' असं कुणीही म्हणणार नाही.

मात्र मराठी 'मला' म्हणजे इंग्रजी 'मी' (me) असं समीकरण पाठ करू नका. 'मला भूक लागली', 'मला आंबा आवडतो' यांचं इंग्रजी 'आय'नेच सुरू होतं. परीक्षा इंग्रजी वाक्याचीच घ्यायची.

'हिज' आणि 'हर'चा घोटाळा मात्र इंग्रजांचा नाही, आपला. मुलाच्या स्वतःच्या आईबद्दल बोलताना 'ही लव्ह्ज हर मदर' असं मी कितीदा ऐकलंय! 'त्याची आई'मधल्या 'त्याची' या शब्दाच्या पोटात दोन लिंगं आहेत : 'त्या' मुलाचं, 'ची' आईचं. आपला कान शेवटच्या 'ची'वर जातो आणि तोंडातून 'हर' निघतं. इंग्रजी फक्त मालक बघतं. मालक मुलगा, मग आई असो, बहीण असो की म्हैस, 'हिज'च. त्यात 'हर' हे 'तिला'ही आणि 'तिचं'ही, म्हणून गोंधळ वाढतो. ('इट्स'मध्ये स्वल्पविरामासारखं ते चिन्ह मालकी दाखवताना द्यायचं नाही, एवढंच.)

आता दारावर टकटक झाली आणि आतून 'हू इज इट?' आलं, तर? जुने व्याकरणवाले 'इट इज आय' सांगायचे. आज असं म्हणाल तर आतला माणूस दार उघडण्याआधी हसेल. सगळे 'इट्स मी'च म्हणतात. आपल्याकडेही 'कोण?' विचारलं की बाहेरून 'मी' असंच येतं.