गोपनीय दस्तऐवज आणि खुले संशोधन

प्रश्न : सॉफ्टवेअरच्या गरजांचे, म्हणजे ते कसे असावे व त्याने काय करावे हे सांगणाऱ्या वाक्यांचे, वर्गीकरण करणाऱ्या साधनावर मी संशोधन करत आहे. माझी सामग्री एका कंपनीच्या गोपनीय दस्तऐवजांतून घेतलेली असल्याने ती प्रसिद्ध करता येत नाही. मग खुल्या विज्ञानाची, म्हणजे संशोधनाची सामग्री व कोड सर्वांना उपलब्ध करण्याची, अपेक्षा कशी पूर्ण करावी?

उत्तर : मूळ मजकूर देता येत नाही म्हणून काहीच द्यायचे नाही, ही या क्षेत्रातील जुनी सबब आहे. वर्गीकरणाचे नियम, दोन वाचकांनी वाक्यांवर स्वतंत्रपणे केलेल्या प्रकारदर्शक खुणा कोठे जुळल्या नाहीत याची नोंद आणि प्रोग्रॅमचा कोड कंपनीचे नाव उघड न करता देता येतो. किंबहुना पुढच्या संशोधकाला हे नियम मूळ वाक्यांइतकेच लागतात, कारण एखादी गरज सुरक्षिततेची मानावी की कार्याची, यावर जाणकारांचेही अनेकदा एकमत होत नाही. केवळ नावे बदलून मजकूर देण्यावर मात्र माझा विश्वास नाही. उत्पादनाच्या वर्णनावरूनच मालक ओळखू येतो. त्यापेक्षा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्युअर’ या ७९ सार्वजनिक दस्तऐवजांच्या संग्रहातील निवडक वाक्यांना आपल्याच नियमांनी खुणा करून साधन त्यांवर चालवून दाखवावे. ‘प्रॉमिस’ संग्रहातील ६२५ गरजाही उपलब्ध आहेत, पण त्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतील आहेत, हे निष्कर्षांत नमूद करावे.

हे साहित्य ‘झेनोडो’सारख्या भांडारात परवान्यासह ठेवावे, तेथे डीओआय हा कायमस्वरूपी ओळख-क्रमांक मिळतो. काय खुले होईल, हे कंपनीशी करार करतानाच लेखी ठरवावे, कारण लेख स्वीकारला गेल्यावर परवानगी मिळवणे फार अवघड जाते.